सुलेखामावशींच्या नऊ बांगड्या

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की सुलेखामावशी हात कानाजवळ नेऊन बांगड्या वाजवून बघत. आधी डावा हात, मग उजवा. डाव्यात पाच, उजव्यात चार. मनगट दोनदा हलकेच झटकायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि मग साखरेचा डबा उघडायचा. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, घड्याळ बंद पडलंय की काय ते बघताहेत.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूमधल्या त्यांच्या घराच्या तळघरात मी आणि माझा नवरा निमिष दोन वर्षं भाड्यानं राहिलो. मी त्यांना काकू म्हटलं तर म्हणाल्या, "काकू इथे ढीगभर आहेत. तू मावशी म्हण." त्यांचे यजमान शशिकांतकाका विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. मुलगा केदार मॉरिसव्हिलला, तीन टाइम झोन पलीकडे.

मावशी मिरजेच्या. वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि दहाव्या-अकराव्या वर्षापासून त्या वडिलांच्या शेजारी बसून बायकांच्या हातात बांगड्या भरत. त्र्याहत्तर साली लग्न होऊन अमेरिकेत आल्या. इथे शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काम केलं, बांगड्यांवर रबरी हातमोजे चढवून. पण आसपासच्या मराठी बायकांना त्या माहीत होत्या त्या त्यांच्या दोन सूटकेसांमुळे. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून पार्सलनं बांगड्या यायच्या, त्या मापांप्रमाणे कागदात गुंडाळून सूटकेसांत ठेवलेल्या. डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, मावशी येणार, सतरंजीवर बसणार आणि समोरचीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेणार. त्या तो चेपत चेपत लहान करत, जणू त्यात हाडंच नाहीत. बांगडी कधी गेली ते कळायचं नाही. भरून झालं की आम्ही त्यांना वाकून नमस्कार करायचो, आणि सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर असलेल्या बायकाही मुकाट्यानं वाकायच्या.

त्या हात धरत तेव्हा जरा भीतीही वाटायची. सुमेधा नावाच्या मुलीचा हात चेपताना त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "जरा सैलच भरते हं, पुढे सूज येईल." सुमेधाला दिवस गेलेत हे तिला स्वतःला कळलं ते त्यानंतर नऊ दिवसांनी.

बांगड्या रोज का वाजवता, असं मी विचारलं होतं.

"चीर डोळ्यांना दिसत नाही गं. कानाला कळते. चांगली काच किणकिणते, चिरलेली बद्द वाजते. तशी वाजली की ती आपणहून वाढायच्या आत काढून घ्यायची."

बांगडी 'फुटली' असं त्या कधीही म्हणत नसत. बांगडी वाढते. आणि हातातली बांगडी आपणहून वाढली, तर त्याचा अर्थ काय, हे त्या मिरजेच्या दुकानात शिकल्या होत्या, आणि ते तेहेतीस वर्षं अमेरिकेत राहून त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. तो अर्थ नेहमी नवऱ्याच्या जिवाशी जोडलेला असायचा.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये काकांच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. ऑपरेशन सोमवारी होतं. त्याआधीच्या शनिवारी सकाळी मी वर पातेलं परत द्यायला गेले, तेव्हा मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या. आधण उकळून उकळून निम्मं झालं होतं. त्यांचा डावा हात कानाशी होता.

"ऐक," त्या म्हणाल्या आणि हात माझ्या कानाजवळ आणला.

मी ऐकलं. पाच बांगड्या, आणि तरी आवाज असा, जणू ओल्या फडक्यात गुंडाळून वाजवल्या आहेत.

"पाचातली एक आहे. कोणती ते काढल्याशिवाय कळायचं नाही. आणि काढायची तर आधी नवी चढवायला हवी. पाचाच्या चार करायच्या नाहीत. आत्ता तर नाहीच नाही."

सूटकेसांत नव्या होत्या, पण सगळ्या लहान मापाच्या. स्वयंपाकघरातल्या कामानं मावशींचे हात रुंद झाले होते, त्यांना मोठं माप लागायचं. श्रावणातल्या मंगळागौरीत तेवढंच नेमकं संपलं होतं. नवं पार्सल मंगळवारी येणार होतं.

"मंगळवारी," मावशी म्हणाल्या. मग पातेलं माझ्या हातातून घेऊन त्यांनी ते उगाचच पुन्हा धुतलं.

त्याच दिवशी बेटावर जायचं काकांनी महिन्याभरापूर्वी ठरवलं होतं. उत्तरेला दीड तास गाडीनं, मग फेरी. नकाशावर बेटाचं नाव वेगळं होतं, पण तिथे जुन्या पद्धतीनं काच फुंकतात म्हणून काका त्याला काचेचं बेट म्हणत. गाडी मी चालवणार होते. मावशी जाणं रद्द करतील असं मला वाटलं, पण त्यांनी काकांना एवढंच विचारलं, "तिथे बांगड्या करतात का हो?"

"फुलदाण्या करतात. आणि मासेमारीच्या जाळ्यांना बांधायचे गोळे."

"काच वितळवतात ना? मग बांगडी का नाही होणार?"

"ऑपरेशन माझं आहे," काका मला म्हणाले, "आणि शॉपिंग हिचं."

वाटेत मावशींनी डावा हात रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवला होता, आणि रस्त्यात खड्डा आला की उजव्या हातानं त्याला धरत होत्या.

फेरीत बसलो तेव्हा ऊन होतं. मध्यावर धुकं लागलं. पुढे पाणी दिसेना, मागे किनारा दिसेना, आणि इंजिनचा आवाजही कुठून तरी दुसरीकडून आल्यासारखा यायला लागला. बेट आलं ते आधी कानाला कळलं. काचेवर काच आपटल्याचे बारीक आवाज, जवळून, लांबून. वारा अजिबात नव्हता.

धक्क्यापासून वर जाणाऱ्या रस्त्यावर झाडांना काचेचे गोळे टांगले होते, जुन्या जाळ्यांमध्ये बांधलेले, नारळाएवढे, काही कलिंगडाएवढे. हिरवट, निळसर, धुरकट. घरांच्या खिडक्यांतही एकेक गोळा. एकाही घरातून कुत्रं भुंकलं नाही. एक बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं आमच्याकडे बघितलं, मग मावशींच्या रुमालात गुंडाळलेल्या हाताकडे बघितलं, आणि कपड्यांची बादली तिथेच ठेवून ती आत गेली.

काका चार पावलं चालत आणि थांबत. थांबले की झाडांकडे बघत असल्यासारखं करत. मावशीही त्यांच्याबरोबर थांबत, झाडांकडे बघत.

कारखाना म्हणजे लाकडाची एक लांब कोठी होती. आत भट्टी धगधगत होती, आणि हॅल्वर नावाचा एक उंच म्हातारा लोखंडी फुंकणीच्या टोकाला लाल काच घेऊन फुंकत होता. आमच्याशिवाय बघायला कोणी नव्हतं. त्यानं गोळा फुगवला, फुंकणीपासून तोडला, भोकावर वितळलेल्या काचेचा थेंब टाकून ते बंद केलं.

काकांनी त्याला नाना प्रश्न विचारले. हॅल्वर इंग्रजीत थोडकं उत्तर द्यायचा. गोळा लगेच बाहेर काढत नाहीत, दुसऱ्या भट्टीत रात्रभर हळूहळू निववतात. घाईनं निवलेली काच धड दिसते, पण ताण आत राहतो. आठवड्यानं तडकेल, वर्षानं तडकेल, नेम नाही.

"आणि आतली हवा?" काकांनी विचारलं.

"हवा नाही, श्वास," हॅल्वर म्हणाला. छपराजवळ टांगलेल्या एका काळपट गोळ्याकडे त्यानं बोट केलं. "तो माझ्या वडिलांचा. ते एकसष्ट साली गेले."

"म्हणजे ते अजून इथेच आहेत म्हणा की," काका हसून म्हणाले.

हॅल्वर हसला नाही. "हो," तो म्हणाला.

मावशींचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्या मागच्या भिंतीपाशी गेल्या होत्या. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला काचेच्या कड्यांचा जुडगा. रंगाची नवी काच तयार केली की तिचा धागा ओढून नमुन्याच्या काही कड्या वळायच्या आणि तारखेची चिठ्ठी लावून टांगायच्या, अशी त्या कारखान्याची पद्धत होती. हॅल्वरच्या आजोबांपासूनची. चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, काहींवरची शाई उडून गेलेली. कड्या थेट मनगटाच्या मापाच्या होत्या.

मावशींनी एक हिरवा जुडगा खाली घेतला. एकेक कडी करंगळीत अडकवून नखानं टिचकी मारली आणि कानाशी नेली. टिण्. टिण्. हॅल्वर फुंकणी ठेवून जवळ आला. त्यानंही एक कडी तशीच करंगळीत अडकवली, तशीच टिचकी मारली, आणि मान तिरकी करून ऐकलं. दोघंही एकमेकांकडे न बघता बराच वेळ तेच करत राहिले. मावशींनी नऊ निवडल्या.

"मॅडमना हव्या असतील तर घेऊन जा," हॅल्वर म्हणाला. "नमुन्याच्या आहेत, विकायच्या नाहीत."

"नेऊन काय करू? इथेच भरायच्या," मावशी म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. स्वतःच्या हातात स्वतः भरायच्या नाहीत, अशी त्यांच्या घरची रीत होती. मिरजेला वडील भरायचे. इथे मराठी मंडळातल्या एकीला त्यांनी तयार केलं होतं, ती डेट्रॉइटला गेलेली. त्यांनी काकांकडे बघितलं.

"मी?" काका म्हणाले.

"मग काय, त्याला सांगू?"

हॅल्वरनं भांडी घासायच्या साबणाचं पाणी आणून दिलं. काकांनी चष्मा वर सरकवला आणि बायकोचा हात हातात घेतला.

"तेहेतीस वर्षांत एवढा वेळ हात धरू दिला नव्हतास."

"बोलू नका, दम लागेल. अंगठ्याखालचं हाड आत घ्या. हाड! मांस काय दाबताय?"

"दुखतंय का?"

"दुखेल नाही तर काय? विमानं जोडलीत म्हणे. दाबा आता."

पहिली कडी गाठीवर अडली, मग एकदम आत गेली. हातात सहा झाल्या, तेव्हा मावशींनी जुन्यांपैकी एक काढू दिली. ती हॅल्वरनं घेऊन टिचकी मारून पाहिली. लख्ख वाजली. दुसरी आत, दुसरी जुनी बाहेर. तीही लख्ख. तिसरी, चौथी. मावशी प्रत्येक वेळी हॅल्वरच्या बोटांकडे बघत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावरचं काही तरी आवळलं जात होतं, कारण आता दोष उरलेल्या एकीतच असायला हवा होता. पाचवी जुनी बाहेर आली. हॅल्वरनं तिला टिचकी मारली.

टिण्.

उजव्या हातातल्याही चार बदलल्या. त्या खणखणीतच होत्या. काकांच्या कपाळावर घाम आला होता. "मी जरा बाहेर बसतो," म्हणून ते दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मावशींनी उजवा हात झटकला. नव्या कड्या किणकिणल्या. मग डावा झटकला.

तोच आवाज. ओल्या फडक्यातला. मी तीन पावलांवर होते, मलाही ऐकू आला. भट्टी घुमत होती, झाडांवरचे गोळे बाहेर वाजत होते, आणि त्या सगळ्यात हा एवढासा बद्द आवाज वेगळा पडत होता.

हॅल्वरनं विचारलं नाही, सरळ मावशींचा डावा हात धरला. काकांना जे एवढ्या कष्टानं जमलं ते त्यानं एका दाबात केलं. एक कडी काढून ती त्यानं उजव्या हातात चढवली, आणि उजव्यातली एक डाव्यात. मावशींनी अडवलं नाही. त्यानं उजव्या मनगटावरच्या त्या बदललेल्या कडीला टिचकी मारली. टिण्. डाव्या मनगटावरच्या कडीला मारली. आवाज तिथल्या तिथे बुडाला.

त्यानं मावशींचा हात अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरकला.

"काच चांगली आहे, मॅडम," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं मावशींकडे एकदाही बघितलं नाही. जुन्या नऊ बांगड्यांचा त्यानं जुडगा केला, चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख लिहिली आणि तो रिकाम्या खिळ्याला टांगला. आम्ही निघालो तेव्हा तो पाठमोरा भट्टीपुढे उभा होता.

परतीच्या फेरीत धुकं तसंच होतं. काका आत बाकावर डुलक्या घेत होते. मावशी बाहेर कठड्याशी उभ्या होत्या, दोन्ही हात मोकळे सोडून. सकाळचा रुमाल त्यांनी कुठे ठेवला कोण जाणे. त्यांनी मला आइस्क्रीम आणायला सांगितलं. दोन.

"मावशी, काय झालं ते मला कळलं नाही," मी म्हटलं.

"तुला कळलं. मिरजेला एकदा असं झालं होतं. मी बारा वर्षांची होते. एक बाई चुडा भरून घेत होती, सगळी काच धड, आणि हात बद्द वाजत होता. वडिलांनी तिला काही सांगितलं नाही. नेहमीसारखा नमस्कार घेतला. ती गेल्यावर मला म्हणाले, काच वाजली तर काच बदलता येते. हात वाजला तर आपण काही करायचं नसतं." त्यांनी आइस्क्रीमचा कागद सोलला. "पंधरवडाही काढला नाही तिनं."

मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"अगं, तोंड काय असं करतेस? सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला वाटलं, यांचं आहे." त्या हसल्या. खरंच हसल्या, सुटल्यासारख्या. "रोज ऐकलं बघ मी, तेहेतीस वर्षं. ते यांच्यासाठी ऐकलं. माझं काही असेल हे डोक्यातच आलं नाही कधी."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"काय सांगू? हात बद्द वाजतो?"

"काहीही सांगा. पण जाऊ या."

"यांचं होऊ दे आधी. आणि हे बघ, यांना बोलायचं नाही. जिना चढायला लागेपर्यंत तर नाहीच. शपथ नको, नुसतं हो म्हण."

मी हो म्हटलं.

सोमवारी ऑपरेशन नीट झालं. केदार रविवारीच आला होता, आठवडाभर राहून परत गेला. मावशी दिवसभर हॉस्पिटलात बसत, नर्सशी गप्पा मारत, मोबाइलवर लोकांना बातमी देत. त्या इतक्या आनंदात होत्या की मंडळातल्या बायकांना ते जरा विचित्र वाटलं. पुढच्या सोमवारी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. थकवा वाटतो, एवढंच सांगितलं. रक्त, ईसीजी, रक्तदाब, सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाले, या वयाला एवढं चांगलं क्वचित दिसतं. गाडीत बसल्यावर मावशींनी मला डावा हात झटकून दाखवला, तसाच बद्द. मग म्हणाल्या, "इंडियन स्टोअरवरून जाऊ. कढीपत्ता संपलाय."

सकाळचं ऐकणं मात्र त्यांनी बंद केलं होतं. आधण ठेवून त्या सरळ साखरेचा डबा उघडत. मीच कान देऊन बसायचे. त्या भांडी घासत, पोळ्या लाटत, आणि खाली आमच्या छतातून मला उजव्या हाताची किणकिण यायची. डाव्याचं काहीच यायचं नाही.

बेटावरून आल्याला बारा दिवस झाले होते. काकांना डॉक्टरांनी घराबाहेर दहा मिनिटं चालायला सांगितलं होतं, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा एकटे निघाले. मी अंगणात होते. दार उघडं होतं, मावशी जेवणाच्या टेबलापाशी मटार सोलत बसल्या होत्या. काका कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले तेव्हाही त्या तशाच बसल्या होत्या. अर्धी शेंग हातात होती, दाणे वाटीत. डॉक्टरांनी नंतर मेंदूतल्या रक्तस्रावाचं सांगितलं, काही सेकंदांचा खेळ म्हणाले. मंडळातल्या बायका भेटायला आल्या तेव्हा दबक्या आवाजात म्हणत होत्या, भाग्याची हो, भरल्या हातानं गेली. नऊच्या नऊ हातात होत्या. एकीलाही ओरखडा नव्हता.

काकांना मी बेटावरचं पुढे दिवाळीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला आधी विचारलं, त्या वेळी ती घाबरली होती का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, ती गेली त्या दिवशी ते चालायला निघाले तेव्हा ती त्यांच्याशी काय बोलली ते मला ऐकू आलं होतं का? त्यांना ते बरोबर आठवत होतं, पण दुसऱ्या कुणी ऐकलंय का ते त्यांना हवं होतं.

मी ऐकलं होतं. काका पायरी उतरत होते, छातीवरचे टाके सांभाळत, कठड्याला धरून. मावशींनी टेबलावरूनच त्यांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, मोजा उलटा घातलाय. असू दे, आत्ता वाकू नका. जाऊन या, मग मी काढते."